आपला आकार ओळखणारा यंत्रबाहु

शहाद्याजवळील लोणखेड्याच्या शिवारांत वारा सुटला म्हणजे उभा ऊंस कोठें व किती वांकला, हें बांधावरील शेतकऱ्यास डोळ्यांनीं दिसतें. पण त्या उंसालाच, डोळे नसतां, आपला शेंडा कोठें गेला हें कळावयाचें असेल तर? लवचिक यंत्रबाहूपुढें नेमका हाच प्रश्न असतो.

कारखान्यांतील नेहमींचा यंत्रबाहु ताठ असतो. त्याचे सांधे मोजके. प्रत्येक सांध्याचा कोन मोजला कीं टोकाची जागा गणितानें निघते. हत्तीच्या सोंडेप्रमाणें सर्वांगानें वळणाऱ्या बाहूस मात्र असे सांधेच नसतात. असा बारीक बाहु रोग्याच्या श्वासनलिकेंतून फुप्फुसांत शिरला कीं शस्त्रवैद्याच्या दृष्टीआड होतो. आणि सतत क्ष-किरण सोडणें रोग्यास हितावह नव्हे. तेव्हां बाहूनेंच आपला आकार सांगितला पाहिजे.

त्याची युक्ति अशी. वेताची छडी वांकविली कीं तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आंतली आखडते. म्हणून बाहूच्या अंगांत केसासारखे कांचतंतु घालतात व त्यांत ठराविक अंतरावर सूक्ष्म खुणा उमटवितात. प्रत्येक खूण एका विशिष्ट तरंगलांबीचाच प्रकाश परत पाठविते. तंतु ताणला कीं ती तरंगलांबी वाढते. अशा खुणा प्रथम १९७८ सालीं कॅनडांत केन हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तयार केल्या.

पण हा तंतु उष्णतेनें फसतो. उष्णतामान एका अंशानें चढलें काय, किंवा तंतूची लांबी दहा लक्षांत सुमारें आठ भागांनीं वाढली काय, परत येणारा प्रकाश सारखाच बदलतो. खानदेशांतील वैशाखांत असा बाहु जागचा न हलतां आपण ताणलों असें समजेल! यावर उपाय म्हणून मध्याभोंवतीं समान अंतरावर तीन तंतु ठेवतात. उष्णता तिघांसही सारखीच लागते. वांकण्यानें मात्र एका बाजूचा ताणला जातो व विरुद्ध बाजूचा आखडतो. तिघांतील फरक घेतला कीं उष्णता वजा होते आणि वांकाची दिशा व प्रमाण तेवढें उरतें.

हे ठिकठिकाणचे वांक बुडापासून शेंड्यापर्यंत जोडीत गेलें म्हणजे संपूर्ण आकार मिळतो. धोका येथेंच आहे. बुडाशीं कोनांत एका अंशाची चूक झाली, तर एक मीटर पुढें शेंड्याशीं ती सुमारें सतरा मिलिमीटर होते. फुप्फुसांतील लहानशी गांठ तेवढ्यानें सहज हुकेल. शेंड्याजवळ झालेली तीच चूक क्षुल्लक ठरते. म्हणून बुडाकडील मापें विशेष काळजीनें घ्यावीं लागतात.

२०१९ सालीं अमेरिकेंत, फुप्फुसांतील गांठीचा नमुना काढण्यासाठीं, कांचतंतूंनीं आपला आकार ओळखणाऱ्या एका यंत्रास सरकारी मान्यता मिळाली. डोळ्यांस न दिसणाऱ्या जागीं वैद्याचा हात आतां असा आंतूनच वाट सांगूं लागला आहे.