अंगाला न होणारी वस्त्रे

आश्विनाचा वद्य पक्ष लागला की घरोघरी झाडलोट सुरू होते. माळ्यावरचे डबे खाली येतात, कोपऱ्यांतली जळमटे निघतात, पितळी समया चिंचेने घासल्या जातात आणि ह्या साऱ्या धांदलीत केव्हातरी जुन्या ट्रंकेची पाळी येते. झाकण उचलताच डांबराच्या गोळ्यांचा वास सुटतो. आत धाकट्याचे मुंजीतले सोवळे असते, लेकीचे परकर-पोलके असते, घरधन्याचा लग्नातला कोट असतो, तळाशी सासूबाईंचे एखादे लुगडे असते. ह्यांतले फाटलेले जवळजवळ काहीच नसते. आणि घरातल्या कोणाच्या अंगाला होईल, असेही काही नसते. गृहिणी एकेक वस्त्र उलगडते, उजेडाकडे धरून पाहते, पुन्हा घडी घालते आणि होते तिथेच ठेवून देते. मागल्या दिवाळीतही तिने हेच केलेले असते.

जुने वस्त्र टाकण्याचा दृष्टान्त आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बाविसावा श्लोक कोणाच्या निधनाच्या प्रसंगी आपण हमखास ऐकतो. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरमहाराजांनी गीतेवरील आपली टीका सांगितली, तेव्हापासून मराठी माणसाच्या ओठी हा दृष्टान्त आपल्या भाषेतही बसला. परंतु ट्रंकेपुढे बसलेल्या गृहिणीची अडचण थोडी निराळी आहे. गीतेतील वस्त्र जीर्ण झालेले आहे. तिच्या हातातले वस्त्र धडधाकट आहे. तेथे धारण करणारा तोच राहतो आणि वस्त्र झिजते. येथे वस्त्र तसेच राहिले आणि धारण करणारा वाढला, फुगला, वाकला किंवा निघून गेला. झिजलेले टाकणे सोपे. त्याने आपला निरोप स्वतःच घेतलेला असतो. न झिजलेल्याला निरोप आपल्यालाच द्यावा लागतो, आणि खरी कसोटी तेथे आहे.

देवघरात मात्र हीच गृहिणी ही कसोटी रोज सहज उतरते. काल वाहिलेले फूल कितीही टवटवीत दिसले, तरी आज पूजेपूर्वी ते निर्माल्य म्हणून उतरवले जाते. त्याची हेळसांड होत नाही, ते पायदळी येऊ दिले जात नाही; पण ते ठेवूनही घेतले जात नाही. देवाच्या वस्त्रांचेही तसेच. कोल्हापूरच्या अंबाबाईला भाविकांनी नेसवलेली लुगडी प्रसाद म्हणून पुन्हा भाविकांकडेच जातात. साक्षात आईसाहेबांच्या अंगावरचे वस्त्र जर पुढे जाते, तर आपल्या अंगावरचे ट्रंकेत अडकून का पडावे?

ह्याचे एक उत्तर असे, की पूर्वीच्या घरात वस्त्र टाकण्याची वेळच येत नसे. लहान मुलाचा सदरा ‘वाढत्या अंगाचा’ शिवायचा हा दंडक होता. शिंपी शिवणीच्या आत कापड राखून ठेवी. त्या राखलेल्या कापडाला आपल्या भाषेत ‘माया’ म्हणतात. शब्द योजणाऱ्याला दाद द्यावी तेवढी थोडी! मूल वाढले की टीप उसवायची, माया सोडायची, की सदरा आणखी वर्षभर चाले. पुढे तो धाकट्याकडे जाई, तेथून आतेमामे भावंडांकडे. नऊवारी सुती लुगड्याचे आयुष्य तर विलक्षणच. पदर विरला की त्याचे मधून फाडून दांड भरायचे. दांडही विरला की मऊ भागाची बाळाची दुपटी आणि कुंची. नवजात बालकाला कोरे करकरीत कापड टोचते, म्हणून त्याचे पहिले पांघरूण आजीच्या विरलेल्या लुगड्याचे असायचे. उरलेल्या भागांचे थर एकावर एक घालून गोधडी शिवायची. तीही फाटली की पोतेरे, आणि सुताचे शेवटचे धांदोटे दिव्याची वात होऊन जळायचे. सध्या, कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, पहाटे देवळांतून जी काकडआरती होते, तिला नाव ज्यावरून मिळाले तो काकडा म्हणजे सुती कापडाचा तुपातेलात भिजवलेला पीळच होय. अशा घरात वस्त्राचा मोह सोडण्याचा उपदेश कोणी कोणाला करीत नसे. वस्त्र घरातल्या घरात विरून संपत असे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेरिलीन आले, टेरिकॉट आले, नायलॉनच्या साड्या आल्या आणि हा क्रम तुटला. हे कापड विरत नाही. त्याचे दुपटे होत नाही, कारण ते पाणी शोषत नाही. त्याची वात होत नाही, कारण ते वितळते. न संपणारे वस्त्र ही आपल्या संसारात आलेली एक नवीनच वस्तू आहे, आणि तिचे काय करावे हे आजीने आपल्याला शिकवलेले नाही.

काही काळ बोहारणीने हा प्रश्न सोडवला. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि खांद्याला कपड्यांचे गाठोडे घेऊन दुपारच्या वेळी आळीत तिची हाक आली, की बायका अर्धवट जेवण सोडून उठत. दोन साड्या आणि एका विजारीत स्टीलचे पातेले की नुसती वाटी, ह्यावर तासभर चालणारी ती घासाघीस पाहण्यासारखी असे. ह्या व्यवसायातील पुष्कळशा बाया मूळच्या गुजराती भाषिक वाघरी समाजाच्या. नेलेले कपडे ती धुई, उसवलेले शिवी, इस्त्री करून बाजारात विकी. दिल्लीत रघुवीरनगरला ह्याच समाजाचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाटे भरत आला आहे. बोहारणीच्या व्यवहारात एक गोष्ट फार चांगली होती. त्यात उपकाराचा लवलेश नव्हता. तिने भांडे दिले, आपण कापड दिले, दोघींचे डोळे समपातळीत. आता सोसायट्यांच्या फाटकावर तिला अडवतात. मग गाठोडे बांधले जाते आणि घरातला कोणीतरी म्हणतो, “देऊन टाका कुठल्या तरी आश्रमात. तेवढेच दान होईल.”

येथे श्रद्धाळू वाचकांनी क्षणभर थांबावे. धर्मशास्त्रात वस्त्रदान सांगितले आहे, पण ते कोणत्या वस्त्राचे? शास्त्रकारांनी त्याला ‘अहत’ वस्त्र म्हटले आहे : नवे, एकदाच धुतलेले, दशा शाबूत असलेले आणि कोणीही अंगावर न घातलेले. देवाला आपण कापसाचे वस्त्र वाहतो, तेही ताजे. तेव्हा वापरलेला कपडा देणे ही गोष्ट कितीही चांगली असली, तरी शास्त्राच्या भाषेत ते दान होत नाही आणि त्याचे पुण्य वहीत जमा धरू नये. ती एक देवघेव आहे. शेजारणीला आपण कढीलिंब देतो, त्या जातीची.

हे इतके काटेकोरपणे सांगावे लागते, ह्याला कारण आहे. उतरलेली वस्त्रे दुसऱ्याच्या अंगावर घालण्याचा आपला इतिहास निर्मळ नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळादिकांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असे लिहून ठेवले आहे, आणि गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. हक्क कसला, ती जन्माने कपाळी मारलेली अवहेलना होती. ज्या जिल्ह्याला १९८१ पासून आपण रायगड म्हणतो, त्याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, १९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली. तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या ढोरांचे मांस व उष्टे अन्न सोडण्यास आपल्या बांधवांना सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी स्वच्छ व नीटनेटक्या वस्त्राचा आग्रह धरला. सणाच्या आदल्या दिवशी गाठोडे बांधताना हे विसरून चालणार नाही. जे वस्त्र आपल्या भावाने पुढ्यात टाकले असता आपल्याला अपमान वाटला असता, ते दुसऱ्याला देण्यासारखे नाही, एवढी साधी परीक्षा पुरे.

हे सारे कोठे पडताळून पाहावे, तर आपल्या पनवेलजवळच्या नेरे गावी. पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे, गाढी नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या वाटेवर हे गाव आहे. आसपास ठाकर आणि कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. अलीकडे नव्या पनवेलच्या बाजूने उंच इमारतीही गावाला येऊन भिडल्या आहेत. ह्याच गावी कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ आहे. गांधी-विनोबांच्या विचारांतून उभे राहिलेले हे काम. कुष्ठरोगातून मुक्त झालेली माणसे, वृद्ध मंडळी आणि आदिवासी मुले, असा मोठा परिवार येथे एकत्र आला. दिवाळीच्या तोंडावर गाठोड्यांनी भरलेली मोटार घेऊन अशा संस्थांच्या दारी जावे, असे शहरातल्या अनेक कुटुंबांना वाटते. वाटणे उत्तमच आहे. पण गाठोड्यात काय आहे?

कुष्ठरोगाने हाताच्या मज्जातंतूंना इजा झाली, की करंगळी आणि अनामिका आत वळतात. पुढे कित्येकांची सारी बोटे आखडतात, स्पर्श कळेनासा होतो. रोग औषधाने पूर्ण बरा होतो. बहुविध औषधोपचार १९८० नंतरच्या दशकात सुरू झाला, उपचार सुरू होताच संसर्ग थांबतो, आणि राष्ट्रीय पातळीवर रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचे २००५ च्या अखेरीस नोंदले गेले. पण आखडलेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. अशा हातांना आपला झकपक सदरा दिला, तर त्याच्या बारीक गुंड्या कोण लावणार? पोलक्याचे हूक, विजारीची साखळी, गळ्यापाशीचे बंद, सारेच अवघड. त्यापेक्षा सैल, पुढून मोठ्या गुंडीचा सुती झगा किंवा डोक्यावरून सहज उतरणारी बंडी मोलाची. वृद्धांचेही तेच. पादत्राणांच्या बाबतीत तर सावधच राहावे. संवेदना गेलेल्या पावलाला खिळा टोचला तरी कळत नाही. त्यासाठी मऊ रबराच्या तळाच्या, मापाने बनवलेल्या चपला असतात. दुसऱ्याच्या पावलाच्या आकाराला वळलेला जुना जोडा अशा पायात गेला, तर त्यातून होणारी जखम महिनोन्महिने भरत नाही. आपल्याला लहान झालेले वस्त्र दुसऱ्याला आपोआप बेताचे होते, हा आपला समज किती उथळ आहे, हे येथे कळून येते.

ह्या संदर्भात एका विद्वान ब्राह्मणाचे स्मरण होते. दत्तात्रेय परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित. कुष्ठरोगाने ग्रासल्यावर समाजाने दूर लोटलेले शास्त्रीबुवा १९३९ मध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या दारी आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले. पुढे त्याच शास्त्रीबुवांनी आश्रमात विवाहाचे पौरोहित्यही केले. दुरून गाठोडे भिरकावणारा हात आणि जवळ येऊन अंगाला लागणारा हात, ह्यांतला फरक सांगायला ह्याहून मोठे उदाहरण महाराष्ट्रात नाही. गाडगेबाबांचेही नाव येथे घ्यायलाच हवे. परीट कुळात जन्मलेल्या ह्या संताने चिंध्यांची गोधडी पांघरून सारा जन्म काढला. आणि त्यांच्या दशसूत्रीत अन्नपाण्याच्या पाठोपाठ वस्त्राचा क्रम लागतो. स्वतः चिंध्या नेसणाऱ्याने दुसऱ्यासाठी चिंध्या मागितल्या नाहीत.

तेव्हा वसुबारसेच्या आधीच ट्रंक उघडावी. कोणत्याही संस्थेकडे काही नेण्यापूर्वी तेथे विचारावे, काय हवे आहे, कोणत्या मापाचे, आणि आता हवे की पावसाळ्यात. कित्येकदा उत्तर मिळेल, की कपडे पुष्कळ आहेत, चादरी द्या. ते उत्तर ऐकून हिरमुसू नये. जे न्यायचे ते धुवावे, तुटलेल्या गुंड्या लावाव्यात, इस्त्री करावी, मुलांच्या कपड्यांवर वयाची चिठ्ठी लावावी. शिवणीत माया उरली असेल तर ती उसवून द्यावी. घेणाऱ्याचे मूलही वाढतेच आहे.

दिवंगतांच्या कपड्यांबाबत मात्र घाई नको. वडिलांचा कोट खुंटीवरून काढायला कोणाला वर्ष लागते, कोणाला दहा. वर्षश्राद्धापर्यंत हात लावू नये असे काही घरांत पाळतात, त्यात शहाणपण आहे. एखादे वस्त्र राखले म्हणून कोणी मोहात बुडत नाही. ट्रंकभर राखली, की त्यांतल्या एकाचीही आठवण नीट होत नाही, एवढेच.

आणि तळाशी निघालेले सासूबाईंचे ते सुती लुगडे? ते हाताला लागताच विरते आहे. कोणाला देण्याजोगे राहिलेले नाही. स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावे. मऊ भागाचे एक दुपटे होईल, घरात बाळ यायचे असेल तर. उरलेल्याच्या पट्ट्या फाडून देवळात विचारावे. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे काकड्याला सुती कापड लागतेच.