यंत्राला प्रश्न कसा घालावा?

गिरीजच्या एखाद्या घरांतला शाळकरी मुलगा चॅटबॉट या संभाषण-यंत्राला विचारतो, "बसीनचा इतिहास सांग." वसईचें हें इंग्रजी नांव ब्रह्मदेशांतील एका शहरालाही होतें, आज त्याला पाथेइन म्हणतात. बरें, वसईच अभिप्रेत असली, तरी १५३४ नंतरचा पोर्तुगीज अंमल, १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम, कीं १८०२ चा तह? यंत्राला मनकवडेपण नाहीं. असंख्य लेखांच्या अभ्यासावरून कोणत्या शब्दापुढें कोणता शब्द संभवतो, हें जोखीत तें वाक्य गुंफतें. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर यावयाचेंच.

तोच प्रश्न असा घालावा: "१७३९ मध्यें मराठ्यांनीं वसईचा किल्ला घेतला. वेढा यशस्वी कां झाला, हें आठवीच्या मुलाला समजेल अशा मराठींत शंभर शब्दांत सांग." उत्तर पटलें नाहीं, तर नेमकें काय खटकलें तें सांगून पुन्हां लिहवून घ्यावें.

खरी अडचण लहान गांवाची. वसईच्या वेढ्यावर ग्रंथ आहेत. गिरीजच्या हिरा डोंगरीवर किंवा सामवेदी बोलीवर लिखाण तुटपुंजें. तेथें यंत्र अडखळत नाहीं. तितक्याच ठामपणें कांहींतरी रचून सांगतें, आणि तेंच मुलाच्या वहींत उतरतें. "ठाऊक नसल्यास तसें लिही" ही सूचना उपयोगी खरी, पण पुरती भरंवशाची नव्हे. त्यापेक्षां आजीनें सांगितलेली हकीकत आपणच टिपून यंत्रापुढें ठेवावी, "एवढ्यावरूनच लिही, पदरची भर नको" असें बजावावें, आणि आलेलें उत्तर आजीलाच वाचून दाखवावें.