उठण्याआधी एक ओळ

लेख लिहिताना तुम्ही मध्येच फेसबुक उघडता, मग इन्स्टाग्राम, मग परत लेख. दिवस संपतो, दमायला होतं, लेख मात्र तिथंच! असं का होतं?

सोफी लरॉय यांनी २००९ च्या शोधनिबंधात याला ‘लक्षाचा अवशेष’ म्हटलं. अर्धवट सोडलेल्या कामात मन थोडं अडकून राहतं, मग पुढचं कामही नीट होत नाही.

त्यावरचा उपाय लरॉय आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी २०१८ मध्ये मांडला: उठण्याआधी कुठे थांबलो आणि परतल्यावर काय करायचं, एवढं टिपून ठेवा.

देवपुरातल्या खोलीवर मी सकाळी फक्त लिहितो. त्यातलेच तुकडे संध्याकाळी एका बैठकीत सगळीकडे टाकतो. प्रबंध पुढे सरकतोय, आणि पांझरेच्या पुलावरून जाताना डोकं शांत असतं. करून बघा!