कुळथाची पिठी आणि ‘ए’ रक्तगट

गेल्या महिन्यात डोंबिवलीतल्या माझ्या दवाखान्यात सत्तरीचे एक गृहस्थ आले. मूळचे देवगडकडचे, माळकरी. अशक्तपणा वाटतो, वजन उतरले, अशी तक्रार. खाण्यापिण्याची चौकशी केली तेव्हा कळले की, दोन महिन्यांपासून त्यांनी सगळी कडधान्ये बंद केली आहेत. कारण विचारले तर त्यांनी मोबाईलवर आलेला मजकूर पुढे केला. ‘ए’ रक्तगटाच्या माणसांनी कुळीथ खाऊ नये, त्यातील लेक्टिनमुळे रक्ताच्या गाठी होतात, असे त्यात लिहिले होते. “डॉक्टर, माझा गट ए पॉझिटिव्ह. जन्मभर पिठीभात खाल्ला, आता या वयात धोका कशाला?” असा त्यांचा सवाल.

त्या मजकुरातला एक धागा खरा आहे. म्हणूनच तो नीट सोडवून सांगायला हवा.

लेक्टिन म्हणजे काय?

लेक्टिन हे एक प्रकारचे प्रथिन आहे. विशिष्ट शर्करा ओळखून तिला पकडणे हा त्याचा गुण. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या शर्करांच्या साखळ्या असतात. लेक्टिन त्यांनाच धरते. १८८८ साली स्टिलमार्क या संशोधकाला एरंडाच्या बियांच्या अर्काने रक्तातील तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, असे आढळले. पुढे १९५४ मध्ये बॉइड यांनी ‘निवडणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लेक्टिन’ हे नाव दिले.

कुळथाच्या (देशावर ज्याला हुलगा म्हणतात त्याच्या) लेक्टिनचा रेणू चार साखळ्यांचा बनलेला असतो. शर्करा पकडणाऱ्या खोबणी त्यात एकाहून अधिक असतात. एका हाताने एक मूल आणि दुसऱ्या हाताने दुसरे मूल धरावे, तसा हा रेणू दोन पेशींना एकत्र बांधतो. अशा असंख्य पेशी बांधल्या गेल्या की त्यांचा गोळा होतो. जखम झाल्यावर रक्त गोठते ती क्रिया वेगळी, हेही लक्षात घ्यावे.

धातूच्या खुंट्या

कडधान्यांच्या लेक्टिनमध्ये प्रत्येक खोबणीजवळ कॅल्शियम आणि मँगेनीज या धातूंचा एकेक अणू बसलेला असतो. धातू स्वतः शर्करेला धरत नाहीत. मंडपाच्या दोऱ्या ज्या खुंट्यांना बांधतात, त्या खुंट्यांचे काम ते करतात. माणसे बसतात मंडपात. पण खुंट्या उपटल्या तर मंडप उभा राहत नाही. आपल्या अबईच्या भावकीतल्या जॅक बीनमध्ये ‘कॉन्कॅनाव्हॅलिन ए’ नावाचे लेक्टिन आहे. ते सम्नर यांनी १९१९ मध्ये स्फटिकरूपात मिळवले. आम्ल वापरून त्यातले धातू काढले की त्याची शर्करा पकडण्याची शक्ती जाते. धातू परत दिले की ती परत येते.

रक्तपेढीतला कुळीथ

कुळथाचे लेक्टिन जी शर्करा पकडते, नेमकी तीच ‘ए’ गटाच्या तांबड्या पेशींवर टोकाला असते. हा गुण भारतात काम करणाऱ्या डॉ. बर्ड यांनी १९५१ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात मांडला. ‘ए’ गटाचे ए-१ आणि ए-२ असे उपगट आहेत. ए-२ पेशींवर ही शर्करा कमी असते. त्यामुळे योग्य प्रमाणात पातळ केलेला कुळथाचा अर्क फक्त ए-१ पेशींचा गोळा करतो. रक्तगटाच्या दोन चाचण्यांची उत्तरे जुळेनाशी झाली की गुंता सोडवायला रक्तपेढीत हा अर्क कामी येतो.

युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांतले लेक्टिन तर माणसाचा जीव वाचवू शकते. ‘बॉम्बे’ हा दुर्मिळ रक्तगट डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधला. साध्या चाचणीत हा गट ‘ओ’सारखा दिसतो. पण त्या रुग्णाला ‘ओ’ रक्त दिले तर गंभीर प्रतिक्रिया होते. युलेक्सचे लेक्टिन ‘ओ’ पेशींचा गोळा करते, ‘बॉम्बे’ पेशींचा करत नाही. त्यावरून फरक कळतो.

मग खायचे की नाही?

खायचे, पण शिजवून. परीक्षानळीत असतो तो कच्च्या बियांचा अर्क; ताटात असते ती उकळलेली पिठी. उकळत्या पाण्यात प्रथिनाची घडी मोडते, खोबणी नाहीशी होते, आणि मोडलेले प्रथिन इतर प्रथिनांसारखे पचते. रक्तगट पाहून कडधान्ये सोडण्याला शास्त्रीय आधार नाही.

खबरदारी हवी ती कच्चेपणाची, आणि सर्वांत जास्त राजम्याची. त्यातले लेक्टिन जोरदार असते. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा त्रास देऊ शकतात. एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या आणि मागाहून जुलाब सुरू होतात. बहुधा काही तासांत आराम पडतो. तोवर मीठ-साखरेचे पाणी द्यावे. लहान मुले व वृद्ध यांच्या बाबतीत, किंवा उलट्या थांबत नसल्यास, डॉक्टरांना दाखवावे.

घरी एवढे पाळा :

१. राजमा निदान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवा. ते पाणी फेकून द्या.

२. नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. कुकरमध्ये नीट शिजवला तर उत्तमच.

३. न उकळता मंद आंचेवर तासन्तास ठेवलेला राजमा खाऊ नका. अर्धवट तापल्याने त्रास उलट वाढू शकतो.

४. मोड आणल्याने लेक्टिन कमी होते, पण पूर्ण जाईलच असे नाही. राजम्याचे मोड कच्चे खाऊ नका.

५. कुळथाचे पीठ भाजलेले असले, तरी पिठीला चांगली उकळी येऊ द्या.

वजन उतरण्याची दुसरी काही कारणे नाहीत ना, हे त्या गृहस्थांच्या तपासण्या करून पाहिले. साखर, थायरॉइड, छातीचा फोटो, सर्व ठीक निघाले. उपाशी होते ते प्रथिनांवाचून. “काका, आजपासून पिठीभात सुरू,” एवढेच औषध लिहून दिले. परवा ते पुन्हा आले तेव्हा वजन दीड किलोने वाढले होते. तो मजकूर ज्या भाच्याने पाठवला होता, त्यालाही आता जेवायला बोलावणार आहेत म्हणे.