शाळेतील यंत्रे : मोजायचे काय?

जिल्ह्यातल्या शाळांना संगणक, दूरचित्रवाणी संच, प्रोजेक्टर दिले गेले की अहवालात एक आकडा छापला जातो. इतक्या शाळा, इतकी यंत्रे. हा आकडा बहुधा खोटा नसतो. तरीही तो आपल्या वस्तीतल्या मुलाविषयी काहीच सांगत नाही. कारण यंत्र शाळेत येणे आणि त्या यंत्रावर मुलाचा हात पडणे या दोहोंच्या मध्ये सबंध समाजव्यवस्था उभी असते. मी कळंबोलीत राहतो. इथल्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून बसलो आहे. शाळेचे नाव देण्याचे कारण नाही; अशा शाळा पुष्कळ आहेत. त्या अनुभवाच्या आणि आपल्याच पूर्वसुरींनी घालून दिलेल्या एका पद्धतीच्या आधारे, यंत्रांची योजना आखावी कशी व जोखावी कशी, याचा विचार इथे मांडतो.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले तेव्हा सरकारी शाळांची संख्या पाहून त्यांनी समाधान मानले नाही. सारा भरतो तो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात ते वरच्या वर्गातले, हा हिशेब त्यांनी सरकारपुढे ठेवला. पैसा कोणाचा आणि लाभ कोणाचा, हे दोन रकाने शेजारी शेजारी मांडले की योजनेचे खरे रूप उघडे पडते. बाबासाहेबांनी ही पद्धत पुढे नेली. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे घेतले, पण ते फोडून दाखवले. प्राथमिक शाळेत जाणारी मुले दर हजार लोकसंख्येमागे प्रगत हिंदूंत ११९, मुसलमानांत ९२, मध्यम वर्गात ३८ आणि मागास वर्गात अवघी १८. लोकसंख्येच्या क्रमाने मागास वर्ग दुसरा होता, शिक्षणाच्या क्रमाने शेवटचा. शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात, हेही त्यांनी त्याच भाषणात दाखवले. नुसती सरासरी काढली असती तर यातले काय दिसले असते? या भाषणानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, ते महाडला चवदार तळ्यावर होते. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. तोच आजचा रायगड, आणि आमची कळंबोलीही त्यातलीच. तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव त्याआधीच झालेला होता. पाणी मात्र ओंजळीत आलेले नव्हते.

आता हा हिशेब शाळेतल्या संगणकाला लावून पाहू. समजा, दहा संगणक आहेत, वर्गात चाळीस मुले आहेत आणि आठवड्याला पस्तीस मिनिटांचा एक तास आहे. एका यंत्राभोवती चार मुले. सर्वांनी न्यायाने वाटून घेतले तर एकेकाच्या वाट्याला पावणेनऊ मिनिटे. तीन यंत्रे बंद पडली की वाटा सहा मिनिटांवर येतो. मुलांना खोलीत नेऊन बसवण्यात व यंत्रे सुरू होण्यात दहा मिनिटे जातात. ती वजा केली की उरतात साडेचार मिनिटांहूनही कमी. अहवालात मात्र 'संगणक कक्ष : आहे' एवढेच. आणि 'न्यायाने वाटून घेतले तर' हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. ज्याच्या घरी यंत्र आहे तो मुलगा कळफलकासमोर बसतो, कारण त्याला येते. ज्याला येत नाही तो मागे उभा राहून बघतो. मास्तरांच्या मनात दुजाभाव असतोच असे नाही. तास उरकायचा तर येणाऱ्याच्या हाती देणे सोयीचे पडते. ज्या मुलीचा बाप नाक्यावर उभा राहतो ती धाकट्या भावंडासाठी महिन्यातले चार दिवस घरी राहते, आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेली तर महिनेच्या महिने दिसत नाही. तिची मिनिटे कोण मोजणार?

म्हणून यंत्रे मोजून भागत नाही. एकेका मुलाच्या हाताला मिळालेली मिनिटे हे एकक धरले पाहिजे, आणि ती मिनिटे फोडली पाहिजेत : मुलगे किती, मुली किती, वस्तीतली किती, स्थलांतर करणाऱ्या घरांतली किती. त्यानंतर प्रश्न शिकण्याचा. यंत्र येण्याआधी मुलांना काय येत होते याची नोंद नसेल तर वर्षअखेरची परीक्षा काहीच सिद्ध करीत नाही. यंत्र न मिळालेली पण बाकी तशीच असलेली शेजारची शाळाही ताडून पाहावी लागते. नाहीतर मुले वर्षभराने मोठी झाली याचेही श्रेय यंत्रालाच जाते.

असे मोजमाप आपल्या देशात कधी झालेच नाही, असे मात्र नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचवले गेले, सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी गावासाठी. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. या प्रयोगाबरोबर मूल्यमापनाचीही आखणी झालेली होती आणि काही समाजशास्त्रज्ञ त्या खेड्यांत मुक्काम करून राहिले होते. सार्वजनिक संच कुठे ठेवला, पुढे कोण बसले, कोण आलेच नाही, हे प्रश्नावली भरून घेतल्याने कळत नाही. त्यासाठी मुक्कामच करावा लागतो. पुढे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली, शाळांसाठी कार्यक्रम निघू लागले; २०१७ साली तीही बंद झाली.

महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांत संगणक मोठ्या संख्येने आले ते केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान योजनेतून. राज्याने ती टप्प्याटप्प्याने राबवली : पहिल्यांदा ५०० शाळा, मग २,५००, मग ५,०००. पद्धत कंत्राटाची होती. कंपनीने कक्ष उभारायचा, निदेशक नेमायचा, पाच वर्षे चालवायचा आणि मग यंत्रे शाळेच्या हवाली करायची. या रचनेतच तिचा शेवट लिहिलेला होता. पाच वर्षांनी शाळेच्या हाती पाच वर्षांचे जुने यंत्र पडते, आणि ते चालवणारा माणूस निघून जातो. कंत्राटी निदेशकांना नंतर नोकरीसाठी आंदोलने करावी लागली. त्यांच्यात आपलीही पोरे होती, हे इथे नोंदवून ठेवतो.

योजना आखताना यंत्राची किंमत हा खर्चाचा लहान भाग असतो. वीज, दुरुस्ती, शिक्षकाचे प्रशिक्षण, त्याची बदली झाली तर पुन्हा प्रशिक्षण, आणि सहा-सात वर्षांनी नवे यंत्र, हा दरसालचा खर्च मोठा. बिल थकले म्हणून राज्यातल्या कित्येक जिल्हा परिषद शाळांची वीज तोडली गेली आहे. तिथे प्रोजेक्टर असून उपयोग काय? हा दरसालचा खर्च लोकवर्गणीतून भागवावा, असे सुचवले जाते. २०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या काळात अनेक शाळा लोकवर्गणीतून 'डिजिटल' झाल्या. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा त्यात गाजली, आणि तिथल्या शिक्षकांच्या धडपडीला मी कमी लेखत नाही. पण वर्गणी हे धोरण होऊ शकत नाही. ज्या गावात बागायत आहे तिथे वर्गणी जमते; ज्या वस्तीत रोजची चूल रोजच्या मजुरीवर पेटते तिथे ती जमत नाही. मग ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनाच यंत्र मिळते आणि बाकीच्यांना 'लोकसहभाग कमी' असा शेरा.

कळंबोलीचा आणखी एक पेच आहे. शाळांचा 'जिल्हा' नेमका कोणता? शहर सिडकोने वसवले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि कळंबोली तिच्यात आली. पण महापालिकेच्या हद्दीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा पुढे कित्येक वर्षे रायगड जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. शिवाय संस्थांच्या अनुदानित शाळा आणि भरमसाट फीच्या खासगी शाळा. योजना आखणाऱ्याने हद्द धरली की मुले निसटतात, कारण लोखंड बाजारात राबणाऱ्याचे बिऱ्हाड कामाप्रमाणे कळंबोलीहून कामोठ्याला, तिथून तळोज्याला हलते. योजना मुलाच्या मागे जाणारी हवी.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा हे सारे एकदम उघडे पडले. शाळा फोनवर आली. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागली, ते चांगलेच झाले. निदान तिला डेटा लागत नव्हता. पण घरोघर विचारणा झाली ती 'घरात स्मार्टफोन आहे काय' अशी. आमच्या चाळीत बहुतेकांनी 'आहे' म्हणून सांगितले, आणि ते खरेच होते. तो फोन बापाच्या खिशात असे. बाप बाजार सुरू झाल्यावर सकाळी जाई तो रात्री परते. उरलेला वेळ आणि उरलेला डेटा आधी थोरल्या मुलाचा, मग धाकट्याचा, आणि मुलीची पाळी येई तेव्हा ती भांडी घाशीत असे. 'कोणाच्या हाती, किती वाजता, किती वेळ' असे विचारले असते तर कागदावर निराळा समाज उमटला असता.

हे विचारण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला दिलेला आहे, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शासकीय व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणशीर जागा हव्यात. शासकीय शाळेचा विकास आराखडा ही समिती करते आणि अनुदानाला तो आधार धरायचा असतो. प्रत्यक्षात आराखडा बऱ्याचदा तयार होऊनच येतो आणि आपण सही करतो. आमच्या समितीतल्या दोन बायांनी (एक घरकाम करते, दुसरी भाजी विकते) सही करण्याआधी संगणकाच्या तासाला वर्गात जाऊन बसण्याचा हट्ट धरला. कोण कुठे बसते, कळफलकावर कोणाचा हात आहे, हे त्या दर पाच मिनिटांनी वहीत रेघा ओढून टिपत. दोघींपैकी एकीलाच लिहिता येते. रेघा मात्र दोघींनाही येतात. तीन आठवड्यांच्या रेघा मुख्याध्यापकांपुढे ठेवल्या तेव्हा त्यांनी त्या बारकाईने पाहिल्या आणि मुलींचा तास वेगळा करून दिला. आराखड्याच्या छापील नमुन्यात या रेघांसाठी रकाना नव्हता, म्हणून त्या वहीची प्रत आम्ही आराखड्याला टाचून पाठवली आहे.