आयपी ५४ आणि 'रोधक' हा शब्द

सौसर तालुक्यातील बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यासाठी काही वर्षांपूर्वी मी एका सूचनापत्रकाचा मराठी अनुवाद केला. विजेच्या पॅनेलपेटीवर 'आयपी ५४' अशी खूण होती. तिच्यासाठी मी 'धूळरोधक व जलरोधक' असे लिहून मोकळा झालो. पुढे साफसफाई करताना कामगाराने त्या पेटीवर नळीने पाणी मारले. पाणी आत शिरले. मुख्य स्विच वेळीच पडला म्हणून कोणाला इजा झाली नाही. पेटीत दोष नव्हता, दोष माझ्या शब्दात होता.

ही खूण 'चोपन्न' अशी नव्हे, 'पाच, चार' अशी वाचायची. 'आयईसी ६०५२९' या आंतरराष्ट्रीय मानकात तिचे नियम आहेत आणि भारतानेही तेच स्वीकारले आहे. पहिला अंक घन वस्तूंचा, ० ते ६. दोन म्हणजे आत बोट जात नाही. चार म्हणजे एक मिलिमीटर जाडीची तारही जात नाही. पाच असेल तर थोडी धूळ शिरते, पण कामात अडथळा आणण्याइतकी नाही. धूळ मुळीच शिरत नाही ती फक्त सहाला. म्हणजे खरा 'धूळरोधक' सहाच.

दुसरा अंक पाण्याचा, ० ते ९. एक म्हणजे वरून सरळ पडणारे थेंब, चार म्हणजे कोणत्याही दिशेने येणारे शिंतोडे. पाच म्हणजे नळीची धार, मिनिटाला साडेबारा लिटर. सहा म्हणजे मिनिटाला शंभर लिटरची जोरदार धार. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवणे. मात्र सात असलेली पेटी धार सोसेलच असे नाही. ती दोन्ही सोसत असेल तर दोन्ही खुणा लिहितात. अंकाच्या जागी 'एक्स' असेल तर त्या बाबतीत दर्जा सांगितलेला नाही, एवढाच अर्थ.

हा दर्जा पेटी नीट बंद असतानाचा असतो. झाकणाचा रबर कडक झाला, केबलचे भोक उघडे राहिले, की छापलेला अंक निरर्थक ठरतो. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागात जिनिंगमधला बारीक तंतू आणि विहिरीवरच्या स्टार्टरपेटीवर कोसळणारा पाऊस या दोन्हींची काळजी वेगवेगळी आहे, म्हणून अंकही दोन.

'जलरोधक' हा शब्द चुकीचा नाही, पण कोणते पाणी, किती जोराने, किती वेळ, हे तो सांगत नाही. वाचणारा मात्र तो शब्द पूर्ण हमी समजतो. आता मी अंक तसेच ठेवतो आणि खाली लिहितो : 'धुळीपासून बचाव होतो. पाण्याचे शिंतोडे चालतील. नळीने पाणी मारू नये.' वाक्ये तीन झाली, जागा थोडी जास्त लागली. पण हातात नळी घेतलेल्या माणसाला जे कळायला हवे, ते त्यांत आहे.