दुकानदार पुन्हा पुन्हा मास्क लावायला का सांगत होते?

उस्मानाबादच्या बाजारात दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवले की पूर्वी पहिला शब्द ऐकू यायचा, ‘या, बसा.’ कोरोनाच्या काळात ऐकू यायचे, ‘भाभी, मास्क लावा’, ‘चाचा, तेवढा मास्क नाकावर घ्या.’ किराणा असो, कापडाचे दुकान असो की औषधाचे, दारावर ‘नो मास्क, नो एन्ट्री’चा कागद चिकटवलेला असायचाच. कागद वाचून कोणी ऐकत नसे, म्हणून दुकानदाराला तोंडाने सांगावे लागायचे. दिवसातून पन्नास वेळा सांगावे लागायचे.

यावर आपल्याकडची ठरलेली उत्तरे तीन होती. ‘आमचे दोन्ही डोस झालेत.’ ‘चेहऱ्यावर नकाब आहेच की.’ आणि सर्वांत जड उत्तर, ‘इतक्या वर्षांचे गिऱ्हाईक आम्ही, आम्हालाही सांगता?’ दुकानदार गप्प बसायचा, कारण गिऱ्हाईक तोडणे त्याला परवडत नव्हते. म्हणून त्याची बाजू आम्ही येथे मांडत आहोत. जिथे त्याचे चुकते, तेही सांगणार आहोत.

दंड दोघांनाही

ओमायक्रॉनची बातमी आली आणि २७ नोव्हेंबर २०२१ रोजी राज्य सरकारने नवे आदेश काढले. मास्क नसलेल्या व्यक्तीला ५०० रुपये दंड होता. पण तीच व्यक्ती एखाद्या दुकानात विनामास्क सापडली, तर तिच्या ५०० रुपयांशिवाय त्या दुकानाला १०,००० रुपये दंड होता. ग्राहकांना शिस्त लावण्यात एखादे दुकान वारंवार कमी पडले, तर ते बंद ठेवण्याचा अधिकारही प्रशासनाला होता.

छोट्या किराणा दुकानात साखरेच्या किलोमागे किती रुपये सुटतात, हे आपल्याला ठाऊक आहे. दहा हजार रुपये सुटायला किती पोती रिकामी करावी लागतील, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. आपण मास्क न लावता आत गेलो तर आपले पाचशे जायचे, त्याचे मात्र महिन्याच्या कमाईचे मोठे भगदाड पडायचे.

याच आदेशात दुकानात येणाऱ्यांचे लसीकरण पूर्ण झालेले असावे असेही म्हटले होते. म्हणजे लसही हवी होती आणि मास्कही हवा होता. लस घेतली म्हणून मास्कची सुटका झाली, असे त्यात कुठेही नव्हते.

दोन रमजान हातचे गेले

दंडापेक्षा दुकानदाराच्या मनात दुसरी भीती मोठी होती. ती म्हणजे पुन्हा शटर खाली ओढावे लागण्याची.

आठवून पाहा. १ मे २०२० रोजी केंद्र सरकारच्या यादीत उस्मानाबाद जिल्हा हिरव्या पट्ट्यात होता. ‘आपल्याकडे काही नाही’ असे सगळेच म्हणत होते. तरीही तो रमजान टाळेबंदीत गेला आणि मे अखेरीची ईद घरातच झाली. पुढच्या वर्षी पहिला रोजा आणि राज्यातील नवे कडक निर्बंध एकाच दिवशी सुरू झाले, १४ एप्रिल २०२१ रोजी. किराणा, दूध, औषधे अशी गरजेची दुकाने तेवढी चालू राहिली. कापड, चप्पल, बांगड्या, अत्तर, टोप्या यांची दुकाने ऐन हंगामात बंद. अनेकांनी माल उधारीवर भरून ठेवला होता.

त्याच एप्रिलमध्ये उस्मानाबादच्या स्मशानभूमीत एकाच वेळी अनेक चिता पेटल्याच्या बातम्या राज्यभर गेल्या. ऑक्सिजनच्या खाटेसाठी लोक सोलापूर आणि लातूरकडे धावले. जनाज्याला मोजकीच माणसे जमू शकली. हिरव्या पट्ट्यातल्या जिल्ह्याला ही वेळ यायला एक वर्षही लागले नाही.

२०२२ च्या एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा रमजान येणार होता. बाजारातील प्रत्येक माणूस या तिसऱ्या हंगामाकडे डोळे लावून बसला होता. ‘मास्क लावा’ म्हणताना दुकानदाराच्या मनात हा सगळा हिशोब असायचा.

आपली दहा मिनिटे, त्याचे दहा तास

आपल्या बाजारपेठेतील बहुतेक दुकाने म्हणजे एकेक अरुंद गाळा. समोर शटर, मागे भिंत, खिडकी नाही. हवा येते तिथूनच जाते. कापडाच्या मोठ्या दुकानात काचेचे दार आणि एसी असतो, तिथे तर तीच हवा आत फिरत राहते.

हा विषाणू शिंकण्या-खोकण्याने पसरतो, तसाच बोलण्यातून आणि श्वासातूनही पसरतो. बोलताना तोंडातून थेंब उडतात. मोठे थेंब खाली पडतात, अगदी सूक्ष्म कण मात्र बंद जागेत बराच वेळ तरंगतात. आवाज चढला की कण वाढतात, आणि भावाची घासाघीस हळू आवाजात कोण करतो? शिवाय ज्याला काहीच त्रास होत नाही, असा माणूसही हा आजार दुसऱ्याला देऊ शकतो. दुकानदाराला चेहरा पाहून ओळखता येत नाही. म्हणून तो सर्वांनाच सांगायचा.

आपण सामान घेऊन दहा मिनिटांत निघतो. काउंटरमागचा माणूस आणि मालाची घडी घालणारा पोरगा तिथे दहा-दहा तास उभे असतात. दिवसभरात शेकडो माणसांचा श्वास त्यांच्या वाट्याला येतो आणि रात्री ते आपल्या म्हाताऱ्या आई-वडिलांच्या घरी जातात. लसीमुळे गंभीर आजाराचा आणि मृत्यूचा धोका खूप कमी होतो, म्हणून ती घ्यायलाच हवी. पण ओमायक्रॉन लस घेतलेल्यांनाही होतो आणि त्यांच्याकडून पुढे जातो. घरी दमा, साखर किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले कोणी असेल, तर त्यांच्यासाठी हा ‘साधा सर्दी-ताप’ नसतो.

नकाब आहे, मग मास्क कशाला?

हा प्रश्न आमच्या घरातही निघतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नकाब पडद्यासाठी असतो, हवा गाळण्यासाठी नाही. त्याचे कापड बहुधा एकेरी आणि विरळ असते, कारण श्वास मोकळा राहावा अशीच त्याची रचना असते. तो नाकावरून खाली सोडलेला असतो, हनुवटीखाली पूर्ण उघडा. बोललेली हवा खालून सरळ बाहेर पडते. ओढणी, पदर आणि पुरुषांच्या रुमालाचेही तसेच. रुमाल मास्क म्हणून धरला जाणार नाही, तो बांधणाऱ्याला दंड होईल, असे सरकारी आदेशातही स्पष्ट लिहिले होते.

यावर उपाय सोपा आहे. आधी मास्क लावावा, त्याचे बंद स्कार्फच्या आत घ्यावेत आणि वरून नकाब घालावा. पडदाही राहतो आणि मास्कही. मग दुकानात कोणी बोट दाखवण्याचा प्रश्न येत नाही.

मास्क घेताना तो उजेडासमोर धरून पाहावा. आरपार दिसत असेल तर उपयोग कमी. तीन थरांचा सर्जिकल मास्क साध्या कापडी मास्कपेक्षा चांगला. वरची पट्टी नाकावर दाबून बसवावी. ओला झाला की बदलावा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नव्हती, त्यामुळे कडेवरच्या बाळाचे तोंड झाकू नये. शक्य तर त्याला गर्दीच्या दुकानात नेऊच नये.

सांगण्याने खरेच फरक पडतो का?

‘सांगून कोण ऐकते?’ असे अनेकांना वाटते. याचे उत्तर शेजारच्या बांगलादेशातून आले आहे. तेथील सहाशे गावांत, सुमारे ३ लाख ४० हजार प्रौढांवर, येल आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी स्थानिक सहकाऱ्यांसोबत अभ्यास केला. तो डिसेंबर २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. निम्म्या गावांत घरोघरी मोफत मास्क दिले, माहिती दिली, मशिदीतील इमामांनी जुम्याला विषय मांडला. बाजारात, चहाच्या टपरीवर आणि मशिदीच्या दारात माणसे उभी राहून विनामास्क दिसणाऱ्याला आठवण करून देत आणि नसेल तर मास्क हातात ठेवत.

या गावांत मास्क वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. मोबाईलवर आठवणीचे संदेश पाठवून किंवा गावाला बक्षीस देऊन त्यात काही भर पडली नाही. समोर उभे राहून सांगणे मात्र कामाला आले. जिथे सर्जिकल मास्क दिले, त्या गावांत लक्षणे असलेला कोरोना सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाला आणि साठीच्या पुढच्या लोकांत तर ३५ टक्क्यांनी. तेही निम्म्याहून कमी लोक मास्क लावत असताना. मास्क म्हणजे पोलादी भिंत नव्हे, हे या आकड्यांवरून दिसते. पण घरातल्या दादी-नानीसाठी तो किती मोलाचा आहे, हेही दिसते. त्या गावांत टपरीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाने जे केले, तेच आपला दुकानदार फुकटात करत होता.

शब्द का टोचतो?

आता दुसरी बाजू. २०२० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मरकजच्या बातम्यांनंतर देशात अनेक ठिकाणी मुस्लिम भाजीवाल्यांना आणि फळवाल्यांना गल्लीत येऊ दिले नाही. आजार जणू एका समाजाचाच, असे वातावरण झाले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असावे, असे मत नोंदवले. पण मनाला झालेली जखम निकालाने लगेच भरत नाही. त्यामुळे एखाद्या दुकानात बुरखा घातलेल्या बहिणीलाच तेवढे टोकले आणि शेजारच्या विनामास्क शेठला खुर्ची दिली, तर तिला राग येणारच. तो राग चुकीचा नाही.

दुकानदार भावांना आमचे सांगणे आहे की नियम सर्वांना एकच ठेवा. आपला मास्क हनुवटीवर लटकवून दुसऱ्याला सांगू नका. शब्द गोड ठेवा. काउंटरवर चार-दोन मास्क ठेवा. ज्याच्याकडे नसेल त्याला परत पाठवण्यापेक्षा एक हातात द्या. ज्यांना ऐकू कमी येते, त्यांच्याशी मास्क खाली ओढून बोलण्यापेक्षा कागदावर किंमत लिहून दाखवा.

ग्राहकांनी तरी कोणाच्या सांगण्याची वाट का पाहावी? शिंक आली की प्रेषित मुहम्मद (स.) हाताने किंवा कपड्याने तोंड झाकत आणि आवाज दाबत, हे हदीसमध्ये आले आहे. साथीच्या गावात जाऊ नये आणि तेथून बाहेरही पडू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकली आहे. आपल्यामुळे दुसऱ्याला इजा होऊ नये, हा माणसांच्या हक्कांचा, हुकूकुल इबादचा भाग आहे. दुकानात काम करणारा पोरगा त्यातून वगळलेला नाही.

रमजानची खरेदी शाबानमध्येच, दुपारच्या कमी गर्दीत उरकता आली तर पाहावी. सोबत दहाऐवजी दोन माणसे न्यावीत, यादी घरूनच करून न्यावी. पिशवीत दोन जादा मास्क ठेवावेत, एक आपल्यासाठी आणि एक दुकानात भेटणाऱ्या एखाद्या विनामास्क चाचांसाठी. आणि दुकानदाराने ‘मास्क लावा’ म्हटलेच, तर ‘हो भाई, लावते’ एवढे म्हणून आत जावे.